सुट्टीत पंप पाठीवर घेतला, आता अभ्यासात लक्ष नाही: तणनाशक आणि वाढत्या वयाचा मेंदू

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय, शाळा-कॉलेजातली मुलं आणि तणनाशक. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. नेहमीप्रमाणे कुणाचं नाव छापत नाहीये.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही धायरीला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावी. मे महिन्यात तो दौंडजवळ गावी मामाकडे होता आणि तिथं मामाबरोबर उसात तणनाशक मारायचा. मामा म्हणतो दोन-तीन दिवसच मारलं, पोरगा म्हणतो बरेच दिवस. हातमोजे नाहीत, मास्क नाही, अंगात बर्मुडा आणि बनियन. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकून साफ करायचा, हे त्यानंच मला सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आता पुस्तक उघडून बसतो पण डोक्यात काही शिरत नाही म्हणतो, सांगितलेलं विसरतो, लगेच चिडतो. तणनाशकाचा या वयात मेंदूवर कायमचा परिणाम होतो असं मी वाचलंय. हे खरं आहे का? मिस्टर म्हणतात तू उगाच डोक्यात घेतलंयस.

उत्तर: ताई, आधी सरळ सांगते. एका सुट्टीतल्या फवारणीनं मुलाचा मेंदू कायमचा बिघडला असं म्हणायला आज आधार नाही. पण "काही होत नाही, आम्ही वर्षानुवर्षं मारतोय" असं मामा म्हणत असतील तर त्यालाही आधार नाही. या दोन टोकांच्या मधे जे माहीत आहे ते नीट सांगते, कारण तुमची झोप उडालीये आणि नुसतं "घाबरू नका" म्हणून ती परत येणार नाही.

पहिलं काम म्हणजे मामांना फोन करून बाटल्यांचा फोटो मागवा, पुढची बाजू आणि मागची बारीक अक्षरंसुद्धा. उसात साधारण टू-फोर-डी, अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन असतं, बांधावर ग्लायफोसेट, कुठे कुठे पॅराक्वाट. ही सगळी तणनाशकंच पण शरीरात प्रत्येकाचं वागणं वेगळं. दुसरी गोष्ट म्हणजे पंप. त्याच पंपानं आधीच्या आठवड्यात कीटकनाशक मारलं होतं का हे नक्की विचारा, कारण बऱ्याच घरात पंप एकच असतो आणि तो कसाबसा धुतलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, म्हणजे क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, थेट नसांवरच काम करतात आणि मुलांच्या मेंदूच्या बाबतीत त्यांच्याविरुद्धचा पुरावा तणनाशकांपेक्षा कितीतरी जास्त भक्कम आहे. आपण नुसतं "औषध मारलं" म्हणतो, आणि त्या एका शब्दात काय काय येतं ते कुणी विचारत नाही.

आता तुम्ही वाचलंत त्याबद्दल. या वयोगटातला जो मोठा अभ्यास आहे तो इक्वाडोर देशातला. तिथं पेद्रो मोनकायो नावाच्या भागात गुलाबाची शेती प्रचंड, पॉलिहाऊसच्या रांगाच्या रांगा, आणि आसपास राहणाऱ्या मुलांवर २००८ पासून लक्ष ठेवलं जातंय. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले होजे सुआरेझ आणि त्यांचे सहकारी हे काम करतात. २०१६ साली त्यांनी ११ ते १७ वर्षांच्या ५१९ मुलामुलींची लघवी तपासली आणि त्यांच्या मेंदूच्या कामाच्या पाच प्रकारच्या चाचण्या घेतल्या: लक्ष आणि स्वतःला आवरणं, स्मरणशक्ती आणि शिकणं, भाषा, आकार-जागा ओळखणं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव कळणं. ९८ टक्के मुलांच्या लघवीत ग्लायफोसेट सापडलं आणि ६६ टक्क्यांच्या लघवीत टू-फोर-डी. ज्यांच्यात टू-फोर-डी जास्त होतं त्यांचे गुण पाचही प्रकारांत कमी होते. ग्लायफोसेटचा संबंध फक्त शेवटच्या प्रकाराशी, म्हणजे चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याशी दिसला. हे २०२३ मध्ये छापून आलं.

पण हा अभ्यास कसा वाचायचा तेही सांगते. लघवीचा नमुना एकदाच घेतलेला. ही दोन्ही औषधं शरीरातून काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात, म्हणजे तो आकडा त्या आठवड्याचा, आधीच्या दहा वर्षांचा नाही. शिवाय औषध आणि चाचणी दोन्ही एकाच वेळी मोजल्यामुळे यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि परिणाम टिकतो की जातो हे तर यातून कळूच शकत नाही. एकेका मुलामागे पडणारा फरकही थोडा आहे. शेकडो मुलांची सरासरी काढली की तो दिसतो, एका मुलाकडे बघून "याला टू-फोर-डीमुळे झालंय" असं कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

टिकण्याचा प्रश्न प्राण्यांवरच्या प्रयोगांत बघितला गेलाय. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी उंदरांना १३ आठवडे ग्लायफोसेट दिलं, मग पूर्ण सहा महिने बंद ठेवलं आणि मग मेंदू तपासले. तरीही ग्लायफोसेटपासून तयार होणारा एक पदार्थ मेंदूत सापडला आणि सूजेच्या खुणाही होत्या. हे २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. अर्जेंटिनात १९९० च्या दशकात असं दिसलं की दूध पिण्याच्या काळात टू-फोर-डी मिळालेल्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत मायलिन, म्हणजे नसांवरचं जे आवरण असतं ते, कमी तयार झालं. मात्र अ‍ॅरिझोनाचे उंदीर मोठे झालेले होते, अर्जेंटिनातली पिल्लं अगदी तान्ही, आणि डोस रोजचे, भरपूर. पंधरा वर्षांच्या मुलाच्या एका मे महिन्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही. पण "शरीरातून गेलं की विषय संपला" हे गृहीत धरणंही चुकीचं आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

आता तुमच्या मुलाचं काय करायचं. मला जास्त काळजी ही वाटतेय की घरातले सगळे तणनाशकाकडे बघत बसतील आणि खरं कारण बाजूलाच राहील. दहावीतल्या मुलाचं लक्ष न लागणं, विसरणं, चिडणं याची नेहमीची कारणं आधी बघा: रात्री किती वाजता झोपतो, मोबाईल उशाशी असतो का, परीक्षेचं दडपण, चष्म्याचा नंबर, आणि मन उदास आहे का. एक रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड. आपल्याकडे शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं फार कॉमन आहे आणि त्यानं अगदी असंच होतं. थायरॉइड तर बघाच, कारण टू-फोर-डीचा थायरॉइडवर परिणाम प्राण्यांमध्ये दिसलाय आणि ही तपासणी स्वस्त आहे. लघवीत तणनाशक शोधायची टेस्ट आता करू नका, इतक्या दिवसांनी काही सापडणार नाही, आणि न सापडल्यानं काही सिद्धही होणार नाही. हे सगळं बघून, झोप सुधारून, महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून लक्ष आणि स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्या, म्हणजे आजची नोंद राहील आणि सहा महिन्यांनी परत करून तुलना करता येईल. हात-पाय थरथरणं, चालताना तोल जाणं, झटका, सतत डोकेदुखी यातलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच न्यूरॉलॉजिस्ट.

आणि मिस्टरांना सांगा, तुम्ही उगाच डोक्यात घेतलेलं नाही. नोझल तोंडानं फुंकणं ही अतिशय धोक्याची सवय आहे. टाकीत पॅराक्वाटसारखं जहाल तणनाशक असतं तर कदाचित आज आपण अभ्यासाबद्दल बोलत नसतो. पुढच्या सुट्टीत मुलानं गावाला जरूर जावं, पण पंपाला हात लावायचा नाही हे मामांना आत्ताच सांगून ठेवा, भावाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न: मॅडम, मी नारायणगाव भागातला शेतकरी, द्राक्ष आणि टोमॅटो. तणनाशकाच्या बाटलीवर हिरवा किंवा निळा त्रिकोण असतो म्हणजे विष कमी, लाल-पिवळा म्हणजे जास्त, हे आम्हाला मेळाव्यात शिकवलंय. दुकानदार म्हणतो ग्लायफोसेट मिठापेक्षा कमी विषारी, ते झाडाच्या एन्झाइमवर काम करतं आणि माणसात ते एन्झाइमच नाही. माझा सोळा वर्षांचा पोरगा मदत करतो. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तुम्ही शहरात बसून मुलांना लांब ठेवा म्हणता, मग काम करायचं कुणी?

उत्तर: दादा, तुमचा राग रास्त आहे. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर तण डोक्याएवढं होऊन गेल्यावर मिळतात, हे मला माहीत आहे, माझं माहेर शेतकऱ्याचं. तणनाशक वापरूच नका असं मी म्हणत नाहीये. मी फक्त पोराबद्दल बोलतेय.

त्रिकोणाचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर. पण तो रंग कशावरून ठरतो ते मेळाव्यात बहुतेक सांगत नाहीत. औषध एकदम पोटात गेलं तर किती डोसला जीव जातो, त्यावरून तो ठरतो. लाल म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, हिरवा त्याच्या वर. म्हणजे हिरवा त्रिकोण एवढंच सांगतो की यानं आज जीव जाणं अवघड आहे. थोडं थोडं चार वर्षं अंगावर येत राहिलं तर सोळा वर्षांच्या मुलाच्या लक्ष देण्याच्या ताकदीवर काय होईल, हा प्रश्न त्या त्रिकोणाला कधी विचारलेलाच नाही. मिठाची तुलना पण त्याच आकड्यावरून आलीये.

एन्झाइमची गोष्टही अर्धी खरी. ग्लायफोसेट ज्या मार्गावर घाव घालतं तो मार्ग वनस्पतींमध्ये असतो, माणसाच्या पेशीत नसतो, हे बरोबर. पण तोच मार्ग बऱ्याच जिवाणूंमध्ये असतो आणि आपल्या आतड्यात जिवाणू किती असतात ते वेगळं सांगायला नको. शिवाय बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं, ते पानाला चिकटावं आणि आत शिरावं म्हणून साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात, आणि काही द्रव्यं ग्लायफोसेटपेक्षा जास्त त्रासदायक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेटला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात घातलं, आणि युरोपनं २०२३ च्या शेवटी त्याला आणखी दहा वर्षं परवानगी दिली. एवढे मतभेद अजून चालू असलेली गोष्ट दुकानदार एका वाक्यात निकालात काढतो, त्यावर विसंबून पोराला पुढं करू नका.

आता टू-फोर-डी. शेजाऱ्यानं उसात किंवा मक्यात ते मारलं आणि वारा तुमच्या बाजूला असला तर द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसतात, टोमॅटोची शेंडे-पानं पिळवटतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल, गावात त्यावरून भांडणंही होतात. त्याचा इथाइल ईस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन उडतो. जे बांध ओलांडून पलीकडच्या बागेत जातं ते पंप पाठीवर असलेल्या पोराच्या नाकातोंडात किती जात असेल याचा विचार करा. पंपाचं झाकण ढिलं असलं तर पाठ भिजते, फवारलेल्या पट्ट्यातून पुढं चालत गेलं तर मांड्या-पोटऱ्या भिजतात, आणि तीच पँट संध्याकाळपर्यंत अंगावर राहते.

मग सोळा वर्षांचा आणि चाळीस वर्षांचा यात फरक काय? मेंदूचा पुढचा भाग, जो लक्ष धरून ठेवतो, घाई आवरतो, पुढचा विचार करतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो, पंचविशीपर्यंत त्याचं काम चालू असतं. बाराव्या-तेराव्या वर्षापासून मेंदूतली नको असलेली जोडणी छाटली जाते आणि राहिलेल्या जोडणीवर मायलिनचं आवरण चढतं. तुमच्या द्राक्षबागेच्या भाषेत सांगायचं तर ही मेंदूची एप्रिलची खरड छाटणी. त्यानंतर काडी तयार होत असताना बागेला ताण बसला तर तेव्हा काही दिसत नाही, ऑक्टोबर छाटणीनंतर घड किती निघाले त्यात दिसतं. चाळिशीतल्या माणसाचं हे काम होऊन गेलेलं असतं, पोराचं चालू आहे. म्हणून तुम्ही मारताय आणि तुम्हाला काही झालं नाही, हा पुरावा त्याच्यासाठी चालत नाही.

काम कुणी करायचं, तर त्याच्या वाटणीला ठिबक बघणं, पाणी देणं, क्रेट भरणं, बाजाराचा हिशोब, पॉवर वीडर किंवा कोळपं चालवणं असं द्या. औषध मोजणं, कालवणं, पंप धुणं आणि मारणं हे मोठ्या माणसाचं, तेही पूर्ण बाह्या, गमबूट, नायट्राइलचे हातमोजे घालून, वारा पडलेला असताना. कालवणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा औषध घट्ट असतं आणि हातावर येतं, आणि बऱ्याच घरात नेमकं तेच काम पोराकडे असतं, "तू फक्त झाकणानं मोजून टाक" म्हणून. उसात पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरलं तर तणच कमी येतं हे तुमच्याकडच्या ऊसवाल्यांना माहीत आहेच, बागेतही आच्छादनानं फवारणीची एखादी पाळी वाचते.

प्रश्न: आम्ही बाणेरला सोसायटीत राहतो. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेनं आणि मुलांच्या ग्राउंडभोवती गाजर गवत माजतं म्हणून माळी तणनाशक मारतो. संध्याकाळी मुलं तिथंच फुटबॉल खेळतात. कमिटीत हा विषय काढला तर म्हणाले पुरावा आणा.

उत्तर: पुरावा मागणं चूक नाही, पण उलटा प्रश्नही कमिटीला विचारा: मुलांच्या खेळायच्या जागेवर हे मारायची गरज काय आहे? शेतकऱ्याची अडचण मला कळते, त्याचं पीक जातं. सोसायटीचं काय जातं? ब्रश कटरवाला बोलावला तर अर्ध्या दिवसात काम होतं.

कमिटीला दाखवायला एक सरकारी कागद आहे. केंद्राच्या कृषी मंत्रालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, तिच्यात माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याला असलेल्या धोक्याचा उल्लेख करून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच व्हावा असं म्हटलं होतं; ती आजही लागू आहे का ते आधी तपासून घ्या. तुमचा माळी ग्लायफोसेट मारत असेल तर तो परवानाधारक ऑपरेटर आहे का, एवढंच विचारा. बाटली कुठली, किती वेळा मारतो, याची नोंद आहे का तेही विचारा, नसणारच.

गाजर गवत उपटायचं तर फुलं यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे घालून, कारण त्याची अ‍ॅलर्जी फार वाईट असते. हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या पुण्यातच, १९५० च्या दशकात, तेव्हा त्याच्याशी झगडायचा अनुभव या शहराला सत्तर वर्षांचा आहे. आणि जोवर कमिटी ऐकत नाही तोवर फवारणीचा दिवस आधी नोटीस बोर्डवर लावायला लावा, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मुलांना तिथं पाठवू नका, घरी आल्यावर हातपाय साबणानं धुवायला लावा, बूट दाराबाहेर.

प्रश्न: मॅम मी मावळमधून लिहितेय, वय १७, बारावी सायन्स. आई गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये आहे. जानेवारी-फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनचा माल असतो तेव्हा मी पण पहाटे जाते, फुलं तोडायला आणि ग्रेडिंगला, मग कॉलेज. त्या दिवसात डोकं जड होतं, मळमळतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. कधीकधी फवारणी होऊन पानं ओलीच असतात आणि आम्हाला आत पाठवतात. आई म्हणते बोलू नको, काम जाईल. माझी नीटची तयारी चालू आहे, माझा मेंदू कमी झालाय का?

उत्तर: नाही गं, मेंदू कमी झालेला नाही. पण तू जे लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं आणि ते साधं नाही.

पॉलिहाऊसमध्ये तणनाशक तसं कमी वापरतात. कोळी, थ्रिप्स, भुरी, करपा यांच्यावरची औषधं जास्त, आणि जागा बंद असल्यामुळे ती लवकर हटत नाहीत. ओल्या पानात हात घालून फुलं तोडल्यावर डोकं जड होणं, मळमळणं हे अंगात औषध गेल्याचं लक्षण असू शकतं. बरोबर घाम सुटणं, तोंडाला पाणी सुटणं, अंधुक दिसणं असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरांना "पॉलिहाऊसमध्ये होते" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. त्यांना कोलिनेस्टरेज नावाची रक्ततपासणी करता येते, ती अशा दिवसांतच उपयोगी पडते.

तुला धीर वाटेल अशी एक गोष्ट सांगते. वर मी इक्वाडोरच्या ज्या मुलांबद्दल लिहिलं त्यांच्यावरचाच आधीचा एक अभ्यास आहे, तिथला मोठा हंगाम मदर्स डेचा. स्वतः शेतात काम न करणाऱ्या, चार ते नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या त्या हंगामानंतर घेतल्या, कुणाची दोन महिन्यांनी, कुणाची तीन महिन्यांनी. ज्यांची हंगाम संपल्यावर लवकर घेतली त्यांचे गुण कमी, आणि जास्त दिवस गेल्यावर घेतलेल्यांचे बरे. म्हणजे निदान काही परिणाम तरी औषध थांबल्यावर ओसरत असावा. तू फेब्रुवारीनंतर बरी असतेस का हे स्वतःच आठवून बघ, ते मलाही कळव. पण दरवर्षी ऐन परीक्षेच्या आधी तेच परत अंगावर घ्यायचं, हे या वयात मला मान्य नाही.

तू अठराच्या आत आहेस. कायद्यानं १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. तू भांडायला जा असं मी म्हणत नाहीये, आईची भीती खरी आहे. पण ओल्या फवारणीत पाठवू नका ही मागणी तिथल्या सगळ्या बायकांनी मिळून केली तर ती एकटीवर येत नाही, आणि लेबलवर फवारणीनंतर किती वेळानं आत जायचं ते लिहिलेलं असतं ते सुपरवायझरला दाखवता येतं. यंदा तू आत जाऊ नकोस, फार तर घरचं स्वयंपाकपाणी तुझ्याकडे घे म्हणजे आईला पहाट मोकळी मिळेल. आईचे कामाचे कपडे तुझ्या कपड्यांबरोबर भिजवू नका, वेगळी बादली, आणि तिनं घरी आल्या आल्या आधी अंघोळ करायची, मग चहा. इक्वाडोरच्या मुलांच्या अंगात औषध पोचायच्या वाटांमध्ये ही एक वाट होतीच, आईबापाच्या कपड्यांची.

प्रश्न: भाज्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर तणनाशक निघतं का? आणि मुलांसाठी डिटॉक्स पावडर मिळते ती द्यावी का?

उत्तर: वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, वरचं बरंचसं निघतं. झाडाच्या आत शिरलेलं कशानंच निघत नाही, मिठानंही नाही. पण घरातल्या मुलांच्या बाबतीत भाजीपेक्षा फवारणीची जागा, कपडे आणि पंप या गोष्टी मोठ्या आहेत, लक्ष तिथं द्या, आणि या भीतीपायी त्यांची पालेभाजी बंद करू नका. डिटॉक्स पावडर नको. ही औषधं किडनी आपणहून काढते, त्या पावडरीनं ते काम जास्त होत नाही, पैसे जातात.

प्रश्न: बारामती तालुक्यातून एक आजोबा. नातवंडं सुट्टीला येतात. गोठ्यात तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात, आम्ही त्यात रॉकेल, डिझेल ठेवतो. काही औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलंय. चालेल ना?

उत्तर: आजोबा, नाही चालणार. हे पत्र वाचल्या वाचल्या आधी ती कोल्ड्रिंकची बाटली शोधा आणि मग बाकीचं वाचा. औषध मूळ बाटलीतच ठेवायचं, कुलपात, नातवंडांच्या हाताच्या वर. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडायची म्हणजे कुणी परत वापरणार नाही. जाळायची नाही, विहिरीजवळ टाकायची नाही.

त्यात पॅराक्वाट आहे का तेवढं लेबल वाचून घ्या, दिसत नसेल तर सुनेला वाचायला सांगा. पॅराक्वाटवर उतारा नाही. एक घोट पोटात गेला तरी फुप्फुसं निकामी होऊ शकतात, आणि फसवं असं की पहिल्या एक-दोन दिवसांत माणूस बरा वाटतो, म्हणून घरचे गाफील राहतात. युरोपात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे दुकानात मिळतं. कुणीही, मूल किंवा मोठा, घोट घेतला किंवा घेतल्याचा नुसता संशय जरी आला तरी त्रास व्हायची वाट बघू नका, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट मोठ्या दवाखान्यात. जाता जाता गाडीतून दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राला फोन लावा, १८०० ११६ ११७, तो टोल-फ्री आहे. हा नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नातवंडं यायच्या आधी.